धपाट्याला नाही म्हणाला, तेव्हाच कळायला हवं होतं

रामराम दोस्तहो. आज उत्तराखंडातल्या हर की दूनच्या ट्रेकबद्दल बोलायचंय. पण आधी एका धपाट्याची गोष्ट.

आम्ही चौघं, तीन संभाजीनगरचे आणि एक जालन्याचा. ऑक्टोबर महिना. सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, रात्रीच्या बसनं डेहराडून, तिथून पुरोला-मोरीमार्गे दिवसभर जीप आणि मग सांकरी, जिथून पायी ट्रेक सुरू होतो. सोबत घरून आणलेलं धपाट्याचं पीठ. तिसऱ्या मुक्कामी, ओसला गावाच्या वर कालकतियाधारला, स्टोव्हवर गरम धपाटे टाकले. जालन्याचा गडी, जो घरी पाच-सहा सहज संपवतो, तो म्हणाला, "नको रे, मन होईना."

आम्हाला वाटलं, दमला असंल. रात्री त्याला दोनदा उलटी झाली, तेव्हा कुठं त्यानं सांगितलं, "कालपासून डोकं दुखायलंय." कालपासून! म्हणजे ओसल्याहून निघतानाच दुखत होतं. आपल्यामुळं सगळ्यांचा ट्रेक मोडंल, म्हणून गप्प राहिला.

आता हे नेमकं काय होतं ते समजून घ्या. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. हर की दून साडेतीन हजारांच्या वर. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडं तेच, एकवीस टक्के. पण वर हवेचा दाब कमी होतो. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांश एवढाच असतो. म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर जुळवून घेतं, श्वास वाढवतं, पण त्याला दिवस लागतात. घाई केली की डोकं दुखतं, भूक मरते, मळमळतं, झोप लागत नाही. यालाच विरळ हवेचा त्रास म्हणतात. तुम्ही किती तगडे आहात याचा त्याच्याशी संबंध नाही. रोज गोगाबाबा टेकडी चढणाऱ्यालाही होतो. टेकडी जरूर चढा, पाय आणि दम तयार होतात, पण उंचीची सवय तिथं होत नाही.

उंचीवर डोकं दुखलं, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळंच आहे असं धरा. त्रास असताना आणखी वर झोपायला जाऊ नका. आणि वाढत असेल तर खाली उतरा, रात्र असली तरी. बसल्याजागी धाप लागली, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालताना माणूस झोकांड्या खायला लागला, तर ते जिवावरचं आहे, फुप्फुसात पाणी भरत असतं किंवा मेंदूला सूज येत असते. तिथं मिनिटभरही वाट बघायची नाही. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी असते, पण ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

पाण्याचं एक सांगतो. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलंय. घोट-घोट पाण्याची किंमत कळणारी माणसं आपण. आणि तिकडं सुपिन नदी दिवसभर कानाशी वाहते, तरी पाणी प्यायचं राहून जातं, कारण थंडीत तहानच लागत नाही. पाण्यानं उंचीचा त्रास टळतो असं नाही. पण पाणी कमी पडूनही डोकं दुखतं, मग दुखणं कशाचं तेच कळेना होतं. मी तर आता थांबलो की आधी बाटली काढतो.

आम्ही पहाटे उतरायला लागलो. स्वर्गारोहिणीचं शिखर जवळून बघायचं राहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वर्षभर पैसे साठवले होते. जालन्याच्या गड्याची पिशवी आम्ही वाटून घेतली आणि त्याला पुढं ठेवलं, कारण सगळ्यात हळू माणूस पुढं असला की कुणाला धावावं लागत नाही. ओसल्यात देवदाराची आणि दगडाची जुनी घरं आहेत. तिथल्या एका ओट्यावर ऊन खात बसलो. दुपारी त्याचं डोकं दुखायचं थांबलं, आणि त्यानं विचारलं, "पीठ उरलंय का?"

तेव्हापासून आमचा एक रिवाज आहे. रोज संध्याकाळी तंबूत प्रत्येकानं सांगायचं : डोकं कसंय, जेवण गेलं का, काल झोप लागली का. खोटं बोलायचं नाही. आणि परत फिरावं लागलं, तर त्याचा ठपका कुणावर ठेवायचा नाही, हे संभाजीनगरातच, तिकीट काढायच्या आधी, ठरवायचं. वर गेल्यावर ते बोलणं जमत नाही, तिथं माणूस लाजतो.

तीन हजार मीटरच्या वर गेलात, की रोजचा झोपायचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. सांकरीच्या पुढं फोनच्या भरवशावर राहू नका. घरच्यांना परतीची तारीख आधीच सांगून ठेवा.

येत्या ऑक्टोबरात आम्ही परत निघालोय, तेच चौघं. यावेळी ओसल्याला एक मुक्काम जास्त धरलाय, आणि पीठ दुप्पट.