पाठकोरे कागद

(दृश्य : टेबलावर चुरगळलेला कागदाचा तुकडा, मऊ ब्रश, चिमटा)

हा कागद साधारण नऊशे वर्षांचा आहे. घडीवर फाटलाय, कडेने कुरतडलाय, वर धुळीचा थर. आधी कोरडा ब्रश फिरतो. मग किंचित ओलावा, कागद सैल पडण्यापुरता. घडी उलगडायची ती चिमट्याच्या टोकाने, एका वेळी नखाएवढी. शाई सुटतेय असं वाटलं की हात थांबतो. उलगडून झालं की टिपकागदात घालून वर वजन. सुकला की मेलिनेक्स नावाच्या पारदर्शक फिल्मच्या पाकिटात. दोन्ही बाजू दिसायला हव्यात. मागची बाजू का, ते पुढे कळेलच.

हे केंब्रिज विद्यापीठाचं ग्रंथालय. इथल्या गेनिझा संशोधन विभागाकडे असे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

(दृश्य : जुनं कैरो, बेन एझ्रा सिनेगॉगचं दालन, वरची गॅलरी)

देवाचं नाव लिहिलेला कागद ज्यू लोक फेकत नाहीत. जीर्ण झाला की बाजूला ठेवतात, पुढे दफनभूमीत पुरतात. ठेवायच्या त्या जागेला म्हणतात गेनिझा. इथे, फुस्तातच्या म्हणजे जुन्या कैरोच्या या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पुरायचं मागेच पडलं. भिंतीत उंचावर एक भोक होतं, त्यातून कागद आत पडत राहिले, शतकानुशतकं. आणि नुसत्या पोथ्या नव्हेत. लग्नाचे करार, उधारीच्या चिठ्ठ्या, औषधांच्या याद्या, पोरांची रंगीत मुळाक्षरंसुद्धा. नाईल हाकेच्या अंतरावर. नशीब, त्यांच्यात विसर्जनाची पद्धत नव्हती.

(दृश्य : जुना फोटो, खोक्यांच्या गराड्यात कपाळाला हात लावून बसलेले शेख्टर)

१८९६. अॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी प्रवासात विकत घेतलेली काही पानं घेऊन केंब्रिजला परतल्या. ती त्यांनी विद्यापीठात शिकवणाऱ्या सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यात बेन सिराच्या ग्रंथाचं, म्हणजे एका प्राचीन ज्यू बोधग्रंथाचं, हिब्रू पान निघालं. हिब्रूतला हा ग्रंथ गेला, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. त्या पानांचा माग काढत डिसेंबरात शेख्टर कैरोच्या वाटेला लागले. पैसे दिले सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी. काही आठवडे धूळ खाऊन शेख्टरांनी ती खोली जवळजवळ रिकामी केली आणि १८९८ मध्ये सगळं विद्यापीठाच्या हवाली झालं. कैरोत राहिली ती वास्तू.

निवडक तुकडे लावून झाले; कितीतरी खोकी मात्र तशीच पडून होती. १९७४ मध्ये हा विभाग सुरू झाला आणि उरलेल्या ढिगाला शिस्तीने हात लागला.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर शेजारी-शेजारी दोन तुकडे)

यातल्या बहुतेक पत्रांची भाषा अरबी, लिपी हिब्रू. मोडीचा रुमाल सोडून बसलेल्या माणसाला सांगायला नको : अक्षर ओळखणं वेगळं, कागद वाचणं वेगळं. त्यात एकाच हस्तलिखिताचं अर्धं पान इथे, तर अर्धं ऑक्सफर्डला, न्यूयॉर्कला, नाहीतर सेंट पीटर्सबर्गला. पूर्वी हे जोड अभ्यासकाच्या आठवणीवर जुळत. आता छायाचित्रांवरून संगणक जोड्या सुचवतो. ओळींमधलं अंतर, अक्षराचं वळण, कडेची मोकळी जागा. खात्री शेवटी माणसानेच करायची. आपली दप्तरं अशी कधी जुळायची, हा विचार इथे उभं राहिल्यावर येतोच.

(दृश्य : एक पत्र, कॅमेरा ओळींवरून सावकाश)

हे पत्र तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून आलंय, ११७० च्या आसपास. लिहिणारा डेव्हिड, जवाहिऱ्या. ज्याला लिहिलंय तो त्याचा थोरला भाऊ, पुढे जगप्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञ आणि वैद्य मोझेस मायमोनिडीझ. वाळवंट पार करून आलो, पण बाजारात निळीशिवाय घेण्याजोगं काही नाही, म्हणून समुद्रमार्गे हिंदुस्थानला निघतोय, असं तो कळवतो. बायकोला धीर द्या म्हणतो. डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. भाऊ वर्षभर अंथरुणाला खिळून होता.

(दृश्य : शेवटची ओळ. निवेदन थांबतं.)

(दृश्य : दुसरं पाकीट)

आणि हा अब्राहम बेन यिजूचा कागद. हा ट्युनिशियातल्या महदियाचा व्यापारी. ११३२ ते ११४९ या काळात त्याचा मुक्काम मलबार किनाऱ्यावर, बराचसा मंगळूरला. मिरी, लोखंड, सुपारी, वेलची येमेनच्या एडन बंदराला पाठवायचा. शिवाय त्याचा काशा-पितळेचा कारखाना होता. एडनचे मित्र मोड पाठवत, तो नवी भांडी घडवून परत धाडे. सोबत त्यांच्याकडून यायची साखर, मनुका आणि कागद. कारण लिहायचा कागद मलबारात मिळत नसे.

अशा पत्रांमुळे हिंदी महासागराच्या व्यापाराचा इतिहास नव्याने लिहावा लागला. श्लोमो गॉइटाइन आणि मॉर्डेकाय फ्रीडमन यांनी जमवलेली ही पत्रं २००८ मध्ये ग्रंथरूपात आली.

(दृश्य : हातमोजे नसलेले, स्वच्छ धुतलेले हात पाकीट उलटतात)

समोर एडनहून आलेलं पत्र होतं. कागद असा महाग, तर पाठकोरा टाकून कोण देईल? मागे बेन यिजूचं बारीक अक्षर आहे. जागा मिळेल तिथे हिशोब.