आधी कानावर पडलेला आकडा

श्रोतेहो, नमस्कार. आठ गुणिले सात गुणिले सहा, असं एकपर्यंत उतरत गेलं तर गुणाकार किती येईल? पाच सेकंदांत, अंदाजानं सांगा. आमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी हेच विद्यार्थ्यांना विचारलं होतं. आठापासून सुरुवात केलेल्यांचा मध्यक, म्हणजे उत्तरं क्रमानं लावल्यावर मधोमध येणारं उत्तर, आला 2,250. हेच आकडे एकापासून चढते दिले, तेव्हा 512. खरं उत्तर 40,320! पहिल्या दोन-तीन गुणाकारांत जे हाती लागलं, त्याच्याच आसपास मन घुटमळलं.

त्यांच्या 1974च्या शोधनिबंधात एक चक्रही आहे. लोकांसमोर फिरवायचं, ते थांबायचं 10 वर किंवा 65 वर. मग प्रश्न : संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा मध्यक 25, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही. अचूक उत्तराला पैसे देऊ केले, तरी फरक घटला नाही. या परिणामाला अँकरिंग म्हणतात. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर.

असं का होतं? आकडा ऐकला की स्मरणशक्ती त्याला जुळणारेच पुरावे आधी वर काढते. सुरुवातीचा आकडा आपणच धरला असेल, तर त्यापासून सरकतो खरे, पण पटण्याजोग्या हद्दीत पाऊल पडताच थांबतो. तिथेच अंदाज कमी पडतो.

म्हणून कामाचा अंदाज घेताना 'दहा दिवसांत होईल ना?' असं कधीही विचारू नका. त्या क्षणी अंदाज बिघडलाच. 'किती दिवस लागतील?' एवढंच विचारा. कामाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यासारख्या पूर्वीच्या कामाला किती दिवस लागले होते, ते नोंदींतून काढा. अंदाज देणाऱ्या प्रत्येकानं कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन आकडे न बोलता चिठ्ठीवर लिहावेत.

आकडा आधीच कानावर पडला असेल, तर 'मी त्याकडे लक्ष देणार नाही' या निश्चयाचा फारसा उपयोग होत नाही. तो आकडा का चुकीचा असू शकेल, याची दोन-तीन ठोस कारणं लिहून काढा. जुन्या मोटारीची किंमत जाणकारांकडून ठरवून घेतलेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा उलट विचारानं परिणाम कमी झाला. पुसला मात्र गेला नाही. चिठ्ठ्या एकदमच उघडा, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यानं सर्वांत शेवटी बोलावं.