खिडक्या उघड्या असतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

शहरात राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्याबद्दल विचारलं, तर तो आधी तक्रारी सांगेल. तापलेले रस्ते, रात्री हात लावला तरी गरम लागणारी भिंत, लागता न लागणारी झोप, बसमधली गर्दी. हे सगळं खरं आहे. तरी मला उन्हाळा मनापासून आवडतो, आणि त्याचं कारण माझ्या कानांशी आहे. शहरात ऐकण्याचा ऋतू कोणता, तर उन्हाळा. या दिवसांत घराघरांच्या खिडक्या उघड्या असतात, आणि एरवी बंद दारांआड चाललेलं कितीतरी बाहेर ऐकू येऊ लागतं.

माझ्या रोजच्या वाटेवर एक इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी व्हायोलिन शिकतंय. मुलगा आहे की आजोबा, मला ठाऊक नाही. संध्याकाळी खिडकी उघडी असते आणि एकच तान पुन्हा पुन्हा घोटली जात असते. शेवटच्या स्वराआधी बोट कचरतं, गज थांबतो, की परत पहिल्यापासून सुरुवात. मी हातातली पिशवी खाली ठेवते आणि थांबते. मग कधीतरी ती तान कुठेही न अडता पार होते. वाजवणारं माणूस लगेच पुढे जात नाही. तेवढीच तान ते आणखी एकदा वाजवून बघतं, खरंच जमली का म्हणून. हे कानावर पडलं की दिवस चांगला गेला असं मी समजते. मैफलीत आपल्यासमोर तयार झालेलं गाणं येतं. ते तयार होत असताना ऐकायचं तर असं रस्त्यावरच उभं राहावं लागतं.

आणि उन्हाळ्यातल्या संगीत महोत्सवांवर माझं प्रेम आहे तेही याचसाठी. उघड्यावर गाणं ऐकताना त्याच्याभोवती भिंती नसतात. ऊन, वारा, अंतर, शेजारी बसलेली अनोळखी माणसं, सगळ्यांचा त्या गाण्यात हात असतो. म्हणून माझी एक सवय आहे, तुम्हीही ती लावून घ्या असा माझा आग्रह आहे. कार्यक्रम सहाचा असेल तर चारला जा. मैदान रिकामं असतं, खुर्च्या अजून एकात एक रचलेल्या असतात, आणि साउंड चेक चाललेला असतो. मंचावर तबलजी एकच बोल वाजवत राहतो. खाली ध्वनी-व्यवस्था बघणारा माणूस मैदानभर फिरत असतो. मध्येच थांबतो, मान तिरकी करतो, आणखी चार पावलं मागे जातो, हात वर करून खूण करतो. मग डग्ग्याचा घुमारा जरा कमी होतो आणि चाटेचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, बोल मोकळा ऐकू येतो. त्या माणसाचं नाव पुष्कळदा पत्रिकेवरही नसतं. पण संध्याकाळी शेवटच्या रांगेतल्या बाईंना गाण्यातला शब्द न् शब्द कळला, तर तो त्याच्यामुळे कळलेला असतो.

उन्हात वाद्यांचं काय होतं तेही या वेळी दिसतं. तंबोऱ्याची तार तापली की लांबते, तिचा ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. बासरीचं बरोबर उलटं. हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगानं जातो आणि बासरीचा स्वर चढतो. बासरीतली हवा दहा अंशांनी तापली, तर स्वर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश हिश्श्यानं वर सरकतो. तयार कानाला हा फरक टोचतो. म्हणजे उघड्या मंचावर दुपारी बासरी आणि तंबोरा शेजारी शेजारी असले, तर एक वर निघालेला असतो आणि एक खाली. कलाकार दोन रचनांच्या मध्ये पुन्हा पुन्हा खुंट्या पिळताना दिसतात ते यासाठी. ‘किती वेळ लावतात जुळवायला!’ असं शेजारचं कुणी म्हणालं, तर त्यांना हे जरूर सांगा.

जुळवण्यावरून एक प्रसिद्ध प्रसंग आठवतो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. सतारीवर पंडित रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून झाली आणि सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर हसून म्हणाले. हा किस्सा सांगताना लोक त्या श्रोत्यांना नेहमी अजाण ठरवतात. मला तसं वाटत नाही. चार तारा एकमेकींत विरघळतात तो क्षण टाळी द्यावी असाच असतो. आपल्याला त्याची सवय झाली आहे, म्हणून आपण तेव्हा बोलत बसतो.

त्याच रविशंकरांनी चार वर्षं आधी, १८ जून १९६७ ला, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या महोत्सवात वादन केलं होतं. रॉक आणि पॉप संगीताचा तो महोत्सव. रविवारची अख्खी दुपार एकट्या त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. त्या दुपारी त्यांनी भीमपलासी वाजवला. तिसऱ्या प्रहराचा राग तिसऱ्या प्रहरी, उघड्या आभाळाखाली, आणि ऐकायला बसलेली मंडळी अशी की बहुतेकांनी रागाचं नावही ऐकलेलं नसणार. बंद सभागृहात, दिव्यांच्या उजेडात, कुठली वेळ आहे याचा पत्ता लागत नाही. उघड्यावर ती वेळ तुमच्या खांद्यावर ऊन होऊन बसलेली असते. रागसमयावर, म्हणजे अमुक राग अमुक वेळीच गावा का यावर, वाद घालणाऱ्यांनी एकदा भर उन्हाळ्यातल्या दुपारी सावलीला बसून सारंग हा दुपारचा राग ऐकावा. वाद मिटेलच असं नाही, पण तो कशाबद्दल आहे ते तरी उमगेल.

महोत्सवात मी एका जागी बसून राहत नाही. पुढच्या रांगेसाठी धडपडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, गायकाचा चेहरा बघण्यातही सुख आहेच. पण एक गाणं मागे जाऊन ऐकावं. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे मंचापासून शंभर मीटरवर उभं राहिलं, तर आवाज पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरानं पोहोचतो. तबल्यावर हात आधी पडलेला दिसतो, बोल मागून येतो. मोठ्या मैदानात मध्येच उंच खांबांवर स्पीकर लावलेले असतात. त्यांच्यातून निघणारा आवाज मुद्दाम थोडा थांबवून सोडतात, म्हणजे मंचावरून येणारा आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज कानावर एकदमच पडतो. हे गणित चुकलं की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि ते फार त्रासाचं होतं. बरोबर जमलं तर त्याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कान जपा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, असा कामाच्या जागांसाठीचा एक नेहमी वापरला जाणारा हिशेब आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्म्यावर येते. १०० डेसिबलला ती उरते जेमतेम १५ मिनिटं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कार्यक्रमांच्या जागांसाठी निकष जाहीर केले. त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. कानाच्या आतल्या ज्या केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा गेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. इअरप्लग खिशात मावतात. मोठ्या स्पीकरच्या समोर उभं राहू नका आणि लहान मुलांना तर तिथे मुळीच नेऊ नका. त्यांच्यासाठी कानावर बसणारे संरक्षक इअरमफ मिळतात, ते घालायला त्यांनी कुरकुर केली तरी घालाच. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानांवर ताण पडला आहे हे ओळखा आणि पुढचे काही दिवस त्यांना शांतता द्या. ज्या कानांनी आपल्याला आयुष्यभर गाणं ऐकायचं आहे त्यांच्याबाबतीत बेफिकिरी मला बघवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर शक्य असेल तर मी चालत घरी येते. दिवसभर तापलेला रस्ता आता पायाला सोसवतो. कुणीतरी अंगणात पाणी शिंपडलेलं असतं, त्याचा वास येतो. पुढे चाललेली दोघं ऐकलेल्या गाण्यातली एक जागा एकमेकांना म्हणून दाखवत असतात, दोघांचीही वेगवेगळ्या ठिकाणी चुकते आणि दोघांनाही त्याची पर्वा नसते. घरी येऊन गार पाण्यानं अंघोळ, ओले केस तसेच ठेवून गॅलरीत बसणं, झाडांना पाणी घालणं. या सुखांना तिकीट नाही. उन्हाळा नसता तर त्यांची एवढी किंमतही वाटली नसती.

आणि अशा वेळी गॅलरीत बसल्यावर लांबच्या मैदानातलं गाणं ऐकू येतं. दुपारी हेच मैदान पूर्ण मुकं होतं. त्याचं कारण हवेत आहे. दुपारी जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम असते, त्यामुळे ध्वनी वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की रात्री जमीन आधी निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची गरम राहते. मग ध्वनी खाली वाकतो आणि दूरवर पोहोचतो. शब्द कळत नाहीत, पण ठेका कळतो, आणि गायक समेवर आला की लोकांची दाद कळते. घरातून हलता न येणाऱ्या माणसांना हा महोत्सव असाच मिळतो. मात्र त्याच हवेतून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि आजारी माणसालाही आवाज पोहोचतो. म्हणून ठरलेल्या वेळेला ध्वनिक्षेपक बंद झालाच पाहिजे, या मताची मी आहे. गाणं कितीही रंगात आलेलं असो.

घरबसल्या ऐकण्यावरून रेडिओची एक गोष्ट सांगते, रेडिओवरून बोलतेच आहे तर. लंडनमध्ये १० ऑगस्ट १८९५ ला क्वीन्स हॉलमध्ये ‘प्रॉम्स’ नावाचा संगीत महोत्सव सुरू झाला. रॉबर्ट न्यूमन हे त्या सभागृहाचे व्यवस्थापक. ज्यांना महागडी तिकिटं परवडत नाहीत अशा शहरवासीयांना उन्हाळ्यात चांगलं संगीत स्वस्तात, उभ्यानं, ऐकता यावं ही त्यांची कल्पना. वाद्यवृंदाचं संचालन हेन्री वुड यांच्याकडे होतं. पैसे दिले जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी, आणि अट घातली की वाद्यांची पट्टी उतरवायची. तेव्हाच्या चढ्या पट्टीनं गायकांचे गळे खराब होतात, असं त्यांचं मत होतं. संगीताच्या महोत्सवाला घशाचा डॉक्टर आश्रयदाता लाभला याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे १९२७ मध्ये बीबीसीनं हा महोत्सव चालवायला घेतला आणि तो घराघरांत पोहोचला. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल उद्ध्वस्त झाला. महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला, आणि आजही दर उन्हाळ्यात तिथे तो होतो, उभ्यानं ऐकणाऱ्यांच्या स्वस्त जागांसकट.

पण माझं सगळ्यात जास्त प्रेम आहे ते २१ जूनच्या संगीताच्या उत्सवावर. उत्तर गोलार्धातला हा साधारण सर्वांत मोठा दिवस. १९८२ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री झाक लांग आणि त्यांच्या खात्यातले संगीत विभागाचे संचालक मोरिस फ्लरे यांच्यासमोर देशाच्या सांस्कृतिक सवयींची एक पाहणी आली. तिच्यातून दिसलं की देशात सुमारे पन्नास लाख माणसं एखादं वाद्य वाजवतात. इतके वाजवणारे असताना ते ऐकू कुठे येतात? म्हणून त्या वर्षी २१ जूनला सगळ्यांना सांगण्यात आलं, की संध्याकाळी आपापलं वाद्य घेऊन रस्त्यावर या. ना तिकीट, ना निवड. शिकणारे आणि कसलेले, सगळे एकाच फुटपाथवर. आज शंभराहून जास्त देशांतल्या शहरांत हा दिवस साजरा होतो.

मोठे कलाकार ऐकायला आपण जातोच, जायलाच हवं. पण ज्या शहरात फक्त मोठेच कलाकार ऐकू येतात, ते शहर मला अर्धं मुकं वाटतं.

तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटावर एखादी पेटी असेल, गिटार असेल, शाळेत घेतलेली बासरी असेल. या रविवारी ती खाली काढा. पेटीच्या भात्यातून हवा निसटत असेल तर दुरुस्तीला टाका. गिटारच्या तारा गंजल्या असतील तर नवा संच घाला. तारा नव्या असल्या की पहिले काही दिवस सारख्या उतरतात, त्याला घाबरू नका, जुळवत राहा. एखादं सोपं गाणं निवडा आणि घरातल्या एका माणसाला समोर बसवून ते पूर्ण वाजवा. नमस्कार.