काळ्या पाण्यातले दुसरे कैदी

[दृश्य: सेल्युलर जेलचं फाटक, पर्यटकांची रांग]

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये शिरला की आधी विचारतो, "सावरकरांची कोठडी कुठंय?" तीन मजले चढायचे, गजांना हात लावायचा, डोळे पुसायचे, खाली उतरायचं. वाटेत ओळीनं कोठड्या लागतात. त्यांत कोण होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

राजकीय कैदी इथून १९३८ पर्यंत गेले होते. पाच वर्षांनी कोठड्या पुन्हा भरू लागल्या. या वेळी आत होते शिक्षक, नोकरदार, डॉक्टर. पोर्ट ब्लेअरमधून धरून आणलेले आपलेच लोक. आणि कुलूप लावणारे इंग्रज नव्हते.

[दृश्य: बंदराची जुनी छायाचित्रं]

२३ मार्च १९४२. जपानी सैन्य उतरलं. इंग्रजांची शिबंदी आधीच निघून गेली होती, त्यामुळे लढाई झालीच नाही. इंग्रज गेले म्हणून काहींना आनंदही झाला. तो फार टिकला नाही. घरात शिरू पाहणाऱ्या सैनिकांवर झुल्फिकार अली या तरुणानं छऱ्याची बंदूक उडवली. कुणी मेलं नाही. झुल्फिकारला मात्र भर मैदानात, लोकांदेखत गोळ्या घातल्या.

मग हेरगिरीचा संशय सुरू झाला. जपान्यांची जहाजं बुडत होती. बातमी फोडतंय कोण? खरे हेर होते. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटिशांची तुकडी पाणबुडीतून गुपचूप बेटांवर उतरली होती. तिचा म्होरक्या तर पूर्वी इथलाच पोलीस अधिकारी. ती तुकडी सापडली नाही. सापडले ते घरात बसलेले.

[दृश्य: कोठडीचा दरवाजा, आतून]

त्यांत डॉक्टर दिवाणसिंग होते. पंजाबी कवी. १९२७ पासून अंदमानात, लोक त्यांना 'कालेपानी' म्हणूनच ओळखत. इंडियन इंडिपेन्डन्स लीगच्या इथल्या शाखेचे ते प्रमुख. म्हणजे जपानच्या मदतीनं भारत स्वतंत्र व्हावा म्हणणाऱ्या संघटनेचेच! २३ ऑक्टोबर १९४३ ला त्यांना उचललं. कबुलीजबाबासाठी छळ सुरू झाला. त्यांनी काही कबूल केलं नाही.

३० डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या दिवशी डॉक्टर याच तुरुंगात होते.

१४ जानेवारी १९४४ ला ते कोठडीतच गेले. ऐंशीहून अधिक दिवस झाले होते.

[दृश्य: होम्फ्रेगंजचं स्मारक. काही क्षण निवेदन थांबतं.]

३० जानेवारी. झेंडा फडकल्याला बरोब्बर महिना. चव्वेचाळीस जणांना तुरुंगातून काढलं, होम्फ्रेगंजला नेलं, चराच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या आणि तिथंच पुरलं. आज तिथं स्मारक आहे. टूरच्या कार्यक्रमात ते क्वचितच असतं.

ऑगस्ट १९४५. जपान हरत आलेला, बेटावर धान्य संपलेलं. खाणारी तोंडं कमी करायची म्हणून शेकडो लोकांना बोटींत भरलं. नव्या बेटावर शेती करायची, असं सांगितलं होतं. किनारा दूर असतानाच त्यांना समुद्रात ढकललं. बरेच बुडाले. जे पोहत काठाला लागले, त्यांतले बहुतेक उपासमारीनं गेले.

[दृश्य: फेरीबोट, निळं पाणी, सेल्फी काढणारी मुलं]

ते बेट हॅवलॉक. २०१८ पासून त्याचं नाव आहे स्वराज द्वीप.