पुस्तकात मेला, पडद्यावर वाचला

(दृश्य : दमट जंगल. ओल्या गवताचा उतार.)

एक म्हातारा उतारावरून घसरून खाली पडलाय. घोटा दुखावलाय, उभं राहता येत नाही. थोड्या वेळापूर्वी त्यानं टी. रेक्सची डरकाळी ऐकली आणि घाबरून धावत सुटला. डरकाळी खरी नव्हतीच. कंट्रोल रूममध्ये त्याचीच नातवंडं रेकॉर्ड केलेल्या आवाजांशी खेळत होती आणि लाउडस्पीकर चालू होता. आता त्याच्याभोवती कोंबडीएवढे डायनॉसॉर गोळा होतात. त्यांच्या चाव्यात गुंगी आणणारं विष असतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी त्याला फारसं दुखतही नाही.

हा जॉन हॅमंड, बेटावर उभारलेल्या 'जुरासिक पार्क' या डायनॉसॉरांच्या उद्यानाचा मालक. मायकेल क्रायटनच्या १९९०च्या कादंबरीत त्याचा शेवट असा होतो.

१९९३मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा आला. त्यात हॅमंड बेटावरून सुखरूप निघतो. हेलिकॉप्टरमध्ये बसून तो आपल्या काठीच्या मुठीकडे बघतो, आणि त्या मुठीतल्या अंबरमध्ये एक डास अडकलेला असतो. पुस्तकातला हॅमंड पैशाच्या मागे लागलेला, चूक झाली की दुसऱ्यावर ढकलणारा माणूस आहे. रिचर्ड ॲटनबरोनं साकारलेला हॅमंड स्वप्नाळू आजोबा आहे. अशा आजोबांना डायनॉसॉरांच्या तोंडी देणं सिनेमाला परवडलं नसतं. पटकथेवर डेव्हिड केपच्या बरोबरीनं खुद्द क्रायटनचंही नाव आहे, म्हणजे हे लेखकाच्या पाठीमागे झालं असंही म्हणता येत नाही.

कादंबरीवरून सिनेमा झाला की आपण काय गळलं याची यादी करायला बसतो. अमुक प्रसंग नाही, तमुक पात्र नाही. चारशे पानांचं पुस्तक दोन तासांत बसवायचं तर गळणार, त्याबद्दल मला फारशी तक्रार नाही. माझं लक्ष दुसरीकडे असतं. शेवटच्या दृश्यात कोण जिवंत आहे? कारण पुढचा भाग निघाला की तो पुस्तकातल्या शेवटापासून सुरू होत नाही. तो सिनेमातल्या शेवटापासून सुरू होतो. आणि मग कधी कधी मूळ लेखकालाही त्याच वाटेनं जावं लागतं.

(दृश्य : 'जुरासिक पार्क' कादंबरीची शेवटची पानं.)

गणितज्ञ इयन माल्कमचंच बघा. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस हॅमंड आणि माल्कम, दोघांच्याही दफनाला सरकारनं अजून परवानगी दिलेली नाही, असा उल्लेख येतो. म्हणजे माल्कम गेला. सिनेमात मात्र तो जखमी होतो, पण वाचतो, आणि जेफ गोल्डब्लमच्या अभिनयामुळे लोकांचा लाडका होतो. १९९५मध्ये क्रायटननं 'द लॉस्ट वर्ल्ड' लिहिली तेव्हा तिचा नायक होता इयन माल्कम. त्याच्या मृत्यूची बातमी घाईनं दिली गेली होती, डॉक्टरांनी त्याला वाचवलं, एवढ्यावर लेखकानं ते प्रकरण मिटवलं. मला हे वाचताना आजही खटकतं. पहिल्या पुस्तकात माल्कम मॉर्फिनच्या गुंगीत जे बोलतो, विज्ञानाच्या अहंकाराबद्दल, माणसाच्या मर्यादांबद्दल, त्या बोलण्याला मरणाऱ्या माणसाचं वजन होतं. तो परत आल्यावर ते वजन कमी झालं.

दोन वर्षांनी याच कादंबरीवर सिनेमा आला. दुसरं बेट, कड्यावर लोंबकळणारा ट्रेलर, पाय मोडलेलं टी. रेक्सचं पिल्लू एवढं त्यानं पुस्तकातून घेतलं. पुस्तकात हॅमंड केव्हाच मेलेला, तर सिनेमात तोच माल्कमला बोलावून त्या बेटावर पाठवतो. आणि शेवटी टी. रेक्स सॅन डिएगो शहरात शिरतो, त्यातलं तर पुस्तकात काहीच नाही.

पहिल्या कादंबरीतलं जे वापरायचं राहून गेलं होतं, ते मात्र वाया गेलं नाही. समुद्रकिनाऱ्यावर लहान मुलीवर छोटे डायनॉसॉर हल्ला करतात, तो प्रसंग दुसऱ्या सिनेमाच्या सुरुवातीला आला. उडणाऱ्या सरड्यांचा प्रचंड पिंजरा २००१च्या तिसऱ्या सिनेमात आला. आणि शास्त्रज्ञ हेन्री वू? कादंबरीत रॅप्टर जातीचा डायनॉसॉर त्याला फाडतो. सिनेमात तो वादळाआधी बोटीनं बेट सोडून जातो. त्या एका बोटीमुळे २०१५मध्ये 'जुरासिक वर्ल्ड'ला प्रयोगशाळेत उभं करायला जुना माणूस मिळाला.

(दृश्य : कोरडं नदीपात्र. वर रिकामं आभाळ.)

शेवट बदलायला दर वेळी पुढच्या भागाचा हिशेब लागतो असं नाही. कधी कॅमेराच अडवतो. आर. के. नारायण यांच्या १९५८च्या 'द गाइड'मध्ये राजू पावसासाठी उपवासाला बसलेला आहे. तो खरा साधू नाही, तुरुंगातून सुटून आलेला गाइड आहे, पण गावाची श्रद्धा त्याला सोडत नाही. सरकारी डॉक्टर उपवास सोडायला सांगतात. तो ऐकत नाही, आधार घेऊन नदीच्या पाण्यात उतरतो, डोंगरात पाऊस पडतोय, तो पायाखाली जाणवतोय, असं म्हणतो आणि खाली कोसळतो. कादंबरी इथं संपते. पाऊस आला का? राजू वाचला का? नारायण सांगत नाहीत. राजूच्या आयुष्यात खरं आणि खोटं इतकं मिसळलंय की त्याचं हे शेवटचं वाक्य कोणत्या बाजूला टाकायचं हे वाचकानं ठरवायचं.

आता हे पडद्यावर कसं आणणार? कॅमेरा वर वळवला की आभाळ दिसणार, आणि त्यात ढग असतील किंवा नसतील. १९६५मध्ये विजय आनंद यांनी 'गाइड' केला तेव्हा त्यांनी पाऊस पाडला. गाव नाचतं आणि आत राजू मरतो. देव आनंद यांचं ते मरण हिंदी सिनेमातलं गाजलेलं मरण आहे आणि मलाही ते आवडतं. पण ते राजूला खराखुरा महात्मा करून टाकतं. सिनेमाबद्दलची आपली नाराजी नारायण यांनी पुढे एका लेखात सविस्तर मांडली.

मराठीत एक वेगळंच उदाहरण आहे. जब्बार पटेल यांचा १९७९चा 'सिंहासन' अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. एक कादंबरी आत्ता आणि दुसरी पुढच्या भागासाठी, असा विचार सहज करता आला असता. त्यांनी दोन्ही एकाच सिनेमात ओतल्या आणि निळू फुल्यांच्या दिगू टिपणीस या पत्रकाराला अशा टोकाला नेऊन सोडलं की तिथून पुढे जायला वाटच राहिली नाही.

(दृश्य : अमेरिकेतलं छोटं डोंगराळ गाव. पोलिसांची गाडी.)

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते डेव्हिड मॉरेलच्या 'फर्स्ट ब्लड'बद्दल. १९७२ची ही कादंबरी. व्हिएतनामहून परतलेला रॅम्बो एका गावातून चाललाय. तिथला पोलीसप्रमुख टीझल त्याला हुसकावून लावतो, तो परत येतो, आणि भांडण पेटतं. मॉरेलनं गोष्ट दोघांच्या बाजूंनी सांगितलीय, आलटून पालटून. टीझलही सैनिक आहे, कोरियाच्या युद्धात पदक मिळवलेला. त्याची बायको त्याला सोडून गेलीय. दोन युद्धं, दोन पिढ्या समोरासमोर उभ्या आहेत, आणि वाचताना आपण कोणा एकाच्या बाजूनं राहू शकत नाही. रॅम्बो इथं निष्पाप नाही. तुरुंगात त्याचे केस कापायला, दाढी करायला घेतात तेव्हा तो वस्तरा हिसकावून एका पोलिसाला ठार करतो आणि पळतो. पुढे तर प्रेतांचा खच पडतो. शेवटी टीझलही मरतो आणि रॅम्बोही. रॅम्बोला मारतो कॅप्टन ट्राउटमन, म्हणजे ज्या सैन्यानं त्याला घडवलं त्याच सैन्याचा अधिकारी.

१९८२च्या सिनेमात गोष्ट रॅम्बोच्या बाजूनं येते. टीझलच्या ऑफिसात मागे त्याची पदकं लावलेली दिसतात, पण त्याच्या युद्धाबद्दल अक्षर नाही. वस्तऱ्याचा खून गेला. सबंध सिनेमात रॅम्बोच्या हातून एकच माणूस दगावतो, तोही हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडत असताना तोल जाऊन पडतो.

रॅम्बो मरतो हा शेवट चित्रित झाला होता. चाचणी खेळाला आलेल्या प्रेक्षकांना तो सहन झाला नाही, आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन जिवंत राहिला. तीन वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात हाच रॅम्बो अमेरिकी युद्धकैद्यांच्या शोधात व्हिएतनामला परत जातो आणि पडद्यावर माणसं मोजता येणार नाहीत इतकी मरतात. ज्या कादंबरीचा सगळा रोख युद्धानं माणसाचं काय होतं याच्यावर होता, तिच्या नायकाला तेच युद्ध पुन्हा लढून जिंकायला पाठवलं गेलं.

या दुसऱ्या सिनेमावरून कादंबरी लिहायचं काम मॉरेलकडेच आलं. ते त्यानं घेतलं, आणि माझ्या पुस्तकात रॅम्बो मेला होता, सिनेमात तो जगतो, असं वाचकाला सरळ सांगून टाकलं. मला हा प्रामाणिकपणा क्रायटनच्या तडजोडीपेक्षा फार मोठा वाटतो.

(दृश्य : बंद होत जाणारा दरवाजा. मग पहाटेचं चर्च.)

'द गॉडफादर'मध्ये जगण्या-मरण्याचा प्रश्न नाही. तिथं एक दरवाजा आहे. सिनेमाचा शेवट आठवा. मायकेल आपल्या बायकोशी, केशी, खोटं बोलतो, मग त्याची माणसं आत येऊन त्याच्या हाताचं चुंबन घेतात आणि केच्या तोंडावर दार लागतं. मारिओ पुझोच्या १९६९च्या कादंबरीत याच्या पुढे पानं आहेत. के त्याला सोडून निघून जाते, टॉम हेगन तिला समजावतो, ती परतते, कॅथलिक होते आणि रोज चर्चमध्ये जाऊन मायकेलच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. पुस्तकातल्या केनं सगळं मान्य केलंय. तिच्यापासून १९७४चा दुसरा भाग निघूच शकला नसता. त्या भागात नवऱ्यासमोर उभी राहून त्याला सोडणारी के ही दाराबाहेर राहिलेली के आहे.

त्याच सिनेमाचा अर्धा भाग मात्र पहिल्या कादंबरीतून आलाय, मायकेलचा बाप व्हिटो याच्या तरुणपणाचा. पहिल्या सिनेमात तो वापरला नव्हता. इथंही एक बदल पाहण्यासारखा आहे. कादंबरीत पोरवयाचा व्हिटो अमेरिकेत आल्यावर आपल्या गावाशी नातं राहावं म्हणून स्वतः कोर्लिओने हे आडनाव घेतो. सिनेमात एलिस बेटावरचा कारकून त्याच्या गळ्यातली चिठ्ठी वाचतो आणि गावाचं नाव आडनाव म्हणून लिहून टाकतो. मुलगा गप्प उभा असतो. पुझो आणि दिग्दर्शक कपोला दोघांनी मिळून ही पटकथा लिहिली, आणि या एका जागी मला सिनेमा पुस्तकापेक्षा सरस वाटतो. पुढे सगळ्यांना आपल्या शब्दावर नाचवणाऱ्या माणसाचं नावसुद्धा दुसऱ्यानंच ठरवलं होतं.

'सायको'मध्ये लेखक आणि सिनेमा यांची फारकतच झाली. मूळ कादंबरीकार रॉबर्ट ब्लॉकनं १९८२मध्ये दुसरी कादंबरी लिहिली, आणि तीत नॉर्मन बेट्स लवकरच मरतो. १९८३च्या सिनेमानं ती बाजूला ठेवली. त्यात नॉर्मन बरा होऊन आपल्या मोटेलवर परततो. नॉर्मन साकारणाऱ्या अँथनी पर्किन्सला मारून 'सायको'चा दुसरा भाग कोण काढणार?

(दृश्य : शनीची कडी. मग गुरू ग्रह.)

'२००१ : अ स्पेस ओडिसी'चं नातं सरळ नव्हतंच. आर्थर सी. क्लार्क आणि स्टॅन्ली कुब्रिक यांनी कादंबरी आणि सिनेमा बरोबरीनं घडवले, आणि १९६८मध्ये दोन्ही लोकांसमोर आले. कादंबरीत यान शनीकडे जातं. सिनेमात ते गुरूकडे जातं, कारण शनीची कडी पडद्यावर पटतील अशी करणं तेव्हाच्या तंत्राला जमेना. कारण निव्वळ कारागिरीचं होतं. पण १९८२मध्ये क्लार्कनं पुढची कादंबरी लिहिली तेव्हा त्यानं स्वतःच्या पुस्तकातला शनी सोडला आणि सिनेमातला गुरू घेतला. तेवढंच नाही, या दुसऱ्या कादंबरीच्या शेवटी गुरूचा तारा होतो आणि पृथ्वीच्या आकाशात जणू दुसरा सूर्य येतो. सगळी गोष्ट त्या घटनेवर उभी आहे. कड्यांचं चित्रण जमलं असतं तर हा शेवट सुचलाही नसता, निदान या रूपात तरी नाही.

दोन वर्षांनी पीटर हायम्सनं त्यावर सिनेमा केला. त्यानं युरोपा या उपग्रहावर उतरणारं चिनी यान वगळलं आणि अमेरिका-रशियातला युद्धाचा ताण आत आणला. १९८४ साल होतं, तो ताण प्रेक्षकांच्या घरात रोज बातम्यांतून येत होता.

क्लार्कनं ही विसंगती लपवली नाही. आपण सिनेमाच्या मागे गेलो हे त्यानं प्रस्तावनेत लिहिलं, आणि या कादंबऱ्या एकाच विषयाच्या वेगवेगळ्या मांडण्या आहेत, सगळ्या एकाच विश्वात घडतात असं धरू नका, अशी भूमिका पुढेही घेतली. पहिली कादंबरी जुळवून घेण्यासाठी त्यानं दुरुस्त केली नाही. तिच्यातलं यान आजही शनीकडेच जातं.