ड्रॅगन्स लेअर: पिक्चर डिस्कवर होता, मग गेम कुठे होता?

हां, नमस्कार मंडळी. लेझरडिस्कच्या (पिक्चर साठवायची थाळीएवढी मोठी डिस्क) व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या लोकांनी टाकलाय की आता बोलल्याशिवाय सुटका नाही. "दादा, ड्रॅगन्स लेअर गेमचा तो अख्खा कार्टून पिक्चर फ्लॉपीत कसा काय कोंबला?" (फ्लॉपी म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची छोटीशी डिस्क.) सांगतो, सगळं सांगतो.

बेसिक पटकन उरकू. जून १९८३, अमेरिका, सिनेमाट्रॉनिक्स कंपनीचं आर्केड मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायचं, आणि आत लेझरडिस्कचा प्लेअर. कल्पना रिक डायरची, अ‍ॅनिमेशन डॉन ब्लूथचं, म्हणजे डिस्नेतून बाहेर पडून स्वतःचा स्टुडिओ काढलेला माणूस. डर्क नावाचा सरदार, शूर पण जरा येडपट, किल्ल्यात शिरतो, सिंज ड्रॅगनच्या तावडीतून डॅफ्नी राजकन्येला सोडवतो. बाजूच्या मशीनवर ठिपके ठिपके पळतायत आणि इथे थेटरात बघावं तसं कार्टून, साधारण २२ मिनिटांचं. एका खेळाला ५० सेंट, बाकी मशीन २५ मध्ये चालायची तेव्हा. तरी गर्दी! बास, एवढं पुरे.

आता मेन मुद्दा, आणि इथेच सगळे गंडतात. त्या डिस्कवर गेम नव्हताच. परत ऐका. डिस्कवर फक्त पिक्चर.

लेझरडिस्कच्या एका बाजूला, ज्या प्रकारात प्रत्येक फ्रेमला नंबर असतो त्यात, ५४,००० फ्रेम बसतात, म्हणजे अर्धा तास. प्लेअरला सांगायचं अमुक नंबरवर जा, तो जातो आणि तिथून दाखवायला लागतो. त्याला डर्क माहीत नाही, ड्रॅगन माहीत नाही, काही नाही. स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकता ना, गाडीचा नंबर वेगळा रेकॉर्ड केलेला, प्लॅटफॉर्मचा वेगळा, आणि कुठला तुकडा कशानंतर वाजवायचा ते ठरवणारा भलतीकडेच बसलेला? तसंच.

तो ठरवणारा म्हणजे मशीनमधला बोर्ड. झेड८० प्रोसेसर आणि मोजके किलोबाइट. त्यात नुसती यादी आहे: या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत खेळाडूने उजवीकडे दाबलं तर पुढे चालू दे, वेगळं काही दाबलं किंवा काहीच दाबलं नाही तर मरण्याचा सीन लाव. झाला गेम. गंमत म्हणजे काही सीन आरशात बघितल्यासारखे उलटेसुद्धा येतात, मग पाठ केलेलं डावं उजवं होतं आणि आपण बसतो बोंबलत.

आणि आता खेळणाऱ्याच्या बाजूने बघा, कारण कमेंटमध्ये एक भाऊ माझ्याशी जाम भांडलाय की "मी जॉयस्टिक हलवली की डर्क हलतो." नाही हलत रे बाबा! डर्क त्याचा त्याचा हलतोय, तो रंगवून झालाय कधीचाच. तू फक्त वेळेवर बरोबर उत्तर दिलंस. सीन बदलताना मध्येच स्क्रीन काळी व्हायची ना, तेव्हा प्लेअर बिचारा पुढची फ्रेम शोधत असायचा. सारखी अशी धावपळ केल्यामुळे ते प्लेअर बिघडायचेही खूप.

(दुसरे एक काका लिहितात की पहिला इंटरॅक्टिव्ह पिक्चर हा नाहीच, किनोऑटोमॅट, चेकोस्लोव्हाकियाचा, १९६७ च्या मॉन्ट्रियलच्या एक्स्पोमधला. बरोबर आहे काका, तिथे प्रेक्षक लाल-हिरवी बटणं दाबून मत द्यायचे, आणि मत काहीही द्या, गोष्ट फिरून त्याच ठिकाणी यायची. चोर लेकाचे. पण तो घरी खेळता येत नव्हता, म्हणून आपण पुढे जाऊ.)

तर घरी आणायचं म्हणजे काय आणायचं? गेम, म्हणजे ती यादी, कुठल्याही फालतू कॉम्प्युटरमध्ये मावते. मावत नाही तो पिक्चर. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं कळतं. १९८४ मध्ये कोलेकोच्या अ‍ॅडम कॉम्प्युटरवर आला, १९८६ मध्ये कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर, आणि दोन्हीकडे साध्या ठिपक्यांमध्ये वेगळाच खेळ बनवला. मग १९९० चा निन्टेन्डोचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या एनईएस गेम मशीनचा. यांनी पिक्चरही टाकून दिला आणि यादीही टाकून दिली, आणि उड्या मारायचा गेम करून वर नाव तेच चिकटवलं! डर्क चिखलातून चालल्यासारखा चालतो, पुलावरच मरतो. किल्ल्याचं तोंड बघायला मिळालं तरी नशीब. गेमबॉयवाल्यांनी तर कहर केला, जुना रोलर कोस्टर नावाचा स्पेक्ट्रमचा गेम घेतला आणि त्यात डर्कला उभा केला.

आणि आता फ्लॉपी. १९८९, अ‍ॅमिगा कॉम्प्युटर, रेडीसॉफ्ट कंपनी, प्रोग्रामर रँडी लिंडेन. सहा फ्लॉप्या, एकेक ८८० केबीची, सगळ्या मिळून जेमतेम पाच एमबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याहून मोठा असतो. जादू काही नाही: चित्रं डिस्कवरून कॉम्प्युटरमध्ये घेतली, रंग कमी केले, दाबून दाबून बारीक केली, आणि खेळ चालू असतानाच कॉम्प्युटर ती फ्लॉपीवरून वाचत राहिला. तरी सगळं मावलं नाहीच, राहिलेले सीन घेऊन पुढच्या वर्षी वेगळा गेम विकला, एस्केप फ्रॉम सिंजेस कॅसल. म्हणजे एकाच पिक्चरचे दोनदा पैसे, धंदा बघा. पण मला हाच पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी केलेली आवृत्ती, सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण याने पिक्चर सोडला नाही. पुढे सीडी आल्या, सेगा सीडी या गेम मशीनवरही आला, पण तिथे एका वेळी ६४च रंग, त्यामुळे ड्रॅगन मळकट.

शेवटी आली डीव्हीडी, साध्या प्लेअरवर, रिमोटने खेळायची. मी मावसभावाकडे खेळलोय. बाण दाबला की प्लेअर विचार करणार, मग हलणार, तोवर डर्कचा सांगाडा. आत्या मागून म्हणाली, "अरे तो पिक्चर पुढे का जात नाहीये?" काय सांगणार तिला.

तर ज्यांना खेळायचाय त्यांनी नवं व्हर्जन घ्या, फोनवर किंवा पीसीवर, आणि मूव्ह दाखवायचा ऑप्शन असेल तर बिनधास्त चालू ठेवा. "हे तर नुसतं पाठांतर आहे" अशी कमेंट येणारच आहे, ती मीच आधी लाइक करतो. आणि स्पेस एस, म्हणजे याच मंडळींचा दुसरा लेझरडिस्क गेम, कुणी खेळलं असेल तर खाली लिहा, पुढच्या वेळी तो घेऊ.