पेरी मेसन हरला तो दिवस
(वकिली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, तारीख 17 ऑक्टोबर 1963, वार गुरुवार. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'पेरी मेसन' या वकिलाच्या मालिकेचा नवा भाग लागला. सहा वर्षं लोक ही मालिका बघत होते आणि शेवटी काय होणार हे घरोघर पाठ झालं होतं. त्या दिवशी भाग सुरू होतो तोच निकालाने. जॅनिस बार्टन नावाची तरुणी, आरोप खुनाचा, आणि ज्यूरी सांगते: दोषी. शिक्षा मृत्यूची. त्या काळच्या कॅलिफोर्नियात याचा अर्थ सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातली विषारी वायूची खोली. आणि या मुलीचा वकील कोण, तर पेरी मेसन.

भागाचं नाव 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट'. जॅनिसचं काम ज्युली ॲडम्सनं केलंय. मी चाळीस वर्षं जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली केली. ही मालिका मला फार उशिरा भेटली, मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा. तिथल्या थंडीत बाहेर पडणं नको वाटायचं, म्हणून दुपारी एकेक भाग लावायचो. हा एक भाग मात्र मी चार वेळा पाहिला, आणि आज तुमच्याशी बोलायचं ते त्याच्याबद्दलच.

आधी मालिकेची रीत सांगतो. 21 सप्टेंबर 1957 ला ती सुरू झाली आणि 22 मे 1966 ला संपली. एकूण 271 भाग, एक सोडला तर सगळे कृष्णधवल. मेसन झालाय रेमंड बर, सेक्रेटरी डेला स्ट्रीट म्हणजे बार्बरा हेल, आणि माहिती काढून आणणारा पॉल ड्रेक म्हणजे विल्यम हॉपर. कोणीतरी अडचणीत सापडून मेसनकडे येतं. मग प्रेत सापडतं. लेफ्टनंट ट्रॅग अटक करतो. हॅमिल्टन बर्गर हा सरकारी वकील अशी केस उभी करतो की आरोपीला वाटच राहू नये. शेवटी मेसन उलटतपासणीला उभा राहतो आणि खरा गुन्हेगार भर कोर्टात कबुली देऊन मोकळा होतो.

तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेल की बहुतेक भागांत ज्यूरी दिसतच नाही. कारण ती मुख्य सुनावणी नसतेच. त्या काळच्या कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याचा खटला वरच्या कोर्टात जाण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक सुनावणी व्हायची. खटला चालवण्यापुरता पुरावा आहे का, एवढंच तिथे तपासायचे. आपल्याकडे 1898 च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सेशन्सकडे खटला 'कमिट' करण्याआधी, म्हणजे सोपवण्याआधी, मॅजिस्ट्रेट चौकशी करायचा, साधारण तसंच. 1973 च्या संहितेनं आपल्याकडची ती चौकशी जवळपास काढूनच टाकली. मालिकेला मात्र ही सोय फार उपयोगी पडली. गोष्ट तासाभरात आटोपते आणि ज्यूरीची बारा माणसं बसवायचा खर्चही वाचतो. म्हणून 'डेडली व्हर्डिक्ट'मध्ये सुरुवातीलाच ज्यूरी निकाल देते, तेव्हा नेहमीच्या प्रेक्षकाला काहीतरी बिनसल्याची चाहूल लागते.

आता मी तुम्हाला स्पष्ट सांगतो: उलटतपासणीत माझ्यापुढे आजवर एकाही साक्षीदारानं खून कबूल केलेला नाही. खरी उलटतपासणी बारीक कामाची असते. साक्षीदारानं पोलिसांपुढच्या जबाबात एक गोष्ट सांगितलेली नसते आणि कोर्टात तो ती पहिल्यांदा सांगतो. ते ओमिशन पकडायचं, नोंदवून घ्यायचं आणि तपासी अंमलदार पिंजऱ्यात येईल तेव्हा त्याच्याकडून शाबीत करून घ्यायचं. दिवसभरात अशा दोन ओळी मिळाल्या तरी मी समाधानानं घरी जायचो. त्यामुळे बाकीचे भाग मला आवडतात, पण त्यात मला माझं कोर्ट दिसत नाही. ते दिसलं या हरलेल्या केसमध्ये.

मेसन हरला का? जॅनिसनं त्याच्यापासून एक महत्त्वाची गोष्ट दडवून ठेवली होती म्हणून. खरा खुनी कोण ते सांगून मी तुमची मजा घालवणार नाही. पण ज्या गोष्टीवर बचाव उभा राहिला असता, तीच तिनं आपल्या वकिलाला सांगितली नव्हती. आता ती कोठडीत आहे, निकाल लागलाय, आणि मेसनला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यायचाय. नेहमीच्या भागात निकालाबरोबर काम संपतं, इथे निकालानंतर सुरू होतं. आणि त्याच्या हाताशी वेळ किती, तर शिक्षेच्या तारखेपर्यंतचा.

हा भाग अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या आयुष्याच्या सगळ्यात जवळ जातो असं मला ठामपणे वाटतं. मेसन त्याचं पात्र. गार्डनर स्वतः वकील होता. 1911 मध्ये त्याला कॅलिफोर्नियात सनद मिळाली आणि ऑक्सनार्ड, व्हेंचुरा या भागात त्यानं वकिली केली. ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं अशा चिनी कामगारांच्या केसेस त्यानं घेतल्या. रात्री तो स्वस्त मासिकांसाठी कथा लिहायचा. मेसनची पहिली कादंबरी 1933 साली आली आणि पुढे ऐंशीहून अधिक आल्या. एवढं यश मिळाल्यावर माणूस कोर्टाकडे पाठ फिरवून बसला असता तर कोणी बोल लावला नसता.

पण 1948 मध्ये त्यानं 'अर्गोसी' मासिकातून 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' सुरू केलं, म्हणजे शेवटच्या आशेचं न्यायालय. कायद्यानं दिलेला एकही अधिकार या न्यायालयाकडे नव्हता. सगळे अर्ज-अपिलं संपलेल्या कैद्यांची प्रकरणं घ्यायची, न्यायवैद्यक आणि तपासातले जाणकार गोळा करायचे, कागद पुन्हा उघडायचे आणि जे सापडेल ते छापायचं. त्याच्या थोडं आधी मृत्यूची शिक्षा झालेल्या एका लाल केसांच्या माणसाचं प्रकरण गार्डनरकडे आलं होतं. गार्डनरनं साक्षीदारांच्या जबान्यांवरून कोण कुठे केव्हा होतं याचा मिनिटामिनिटाचा तक्ता मांडला आणि गुन्ह्याच्या वेळी हा माणूस तिथे असूच शकत नाही, हे दाखवलं. त्याची मृत्युदंडाची शिक्षा पुढे जन्मठेपेवर आली. अशा माणसाच्या मालिकेत कधीतरी निकालानंतरचा भाग येणारच होता.

सालही बघा. 1963 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गिडियनचा निकाल दिला. क्लॅरेन्स गिडियन हा फ्लोरिडातला गरीब कैदी. वकील परवडत नाही म्हणून खालच्या कोर्टात त्याला स्वतःच स्वतःची बाजू मांडावी लागली आणि तो दोषी ठरला. तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीनं अर्ज लिहून त्यानं तो सुप्रीम कोर्टाला पाठवला. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारनं तो दिलाच पाहिजे, असा निकाल त्यावर आला. ऑगस्टमध्ये त्याचा खटला पुन्हा चालला, या वेळी वकील सोबत होता, आणि तो सुटला. मधे मे महिन्यात ब्रेडी नावाच्या आरोपीच्या खटल्यात त्याच कोर्टाचा निकाल झाला. आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाला दडवता येणार नाही, असं त्यात ठरलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मेसनची अशील आपल्याच बाजूचा पुरावा आपल्याच वकिलापासून दडवते. या तिन्ही गोष्टी मी वर्गात एकत्र शिकवीन.

सरकारी वकील होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. सोनिया सोटोमायोर यांच्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावरच्या नेमणुकीची सुनावणी जुलै 2009 मध्ये सिनेटपुढे झाली. लहानपणी ब्राँक्समध्ये ही मालिका बघून आपण कायद्याकडे ओढले गेलो, असं त्यांनी तिथे सांगितलं. त्यांच्या मनात राहिला होता एका भागातला सरकारी वकील. गुन्हेगाराला शिक्षा झाली तरी न्याय होतो आणि निर्दोष माणूस सुटला तरी न्यायच होतो, माझं काम न्याय होण्याशी आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला होता. सिनेटर अल फ्रँकन यांनी तेव्हा विचारलं, मेसन हरला ती केस कोणती? सोटोमायोरबाईंना नाव आठवलं नाही. तुम्हाला आता माहीत आहे.

आता हा भाग मी चार वेळा का पाहिला, ते.

माझ्याकडे एक आरोपी होता, एकोणीस वर्षांचा. मारामारीची केस, समोरचा माणूस कायमचा अधू झालेला. मुलगा म्हणाला, त्या रात्री मी घरीच होतो. आई प्रत्येक तारखेला शेवटच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसायची. मी तिला साक्षीला उभं केलं. सरकारी वकिलांनी तिला चार प्रश्न विचारले आणि तिची साक्ष कोसळली. सात वर्षांची शिक्षा लागली.

निकालाच्या दिवशी त्याला खाली नेत होते. जिन्याच्या वळणावर हवालदारानं मला दोन मिनिटं दिली. तेव्हा तो बोलला. शेजारच्या गावात जत्रा होती, तो तमाशाला गेला होता. वडिलांचं तेरावं दोन दिवसांपूर्वी झालेलं. डोक्यावरचे केस अजून उगवले नव्हते. आईला हे कळलं असतं तर, म्हणून तो कोणालाच बोलला नव्हता. आईला वाटत होतं, पोरगं माडीवर झोपलंय. तिनं खोटं सांगितलेलं नव्हतं.

मी त्या गावात गेलो. तंबूबाहेर चहाची गाडी लावणारा माणूस सापडला. त्याला तो मुलगा लख्ख आठवत होता. "डोकं भादरलेलं पोर. म्हटलं, बाप गेलाय ना रं तुझा? आणि हितं काय करतोस? चहाचे पैसे बी घेतले न्हाईत." अपिलात आम्ही 1973 च्या संहितेच्या कलम 391 खाली जादा पुरावा घ्यायची मागणी केली. हायकोर्टानं ती मान्य केली. चहावाल्याची साक्ष झाली, उलटतपासणी झाली, तो हलला नाही. मुलगा सुटला. मधे चौदा महिने गेले होते.

हायकोर्टाचा निकाल सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. आता तमाशाचं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ती माउली बराच वेळ चुलीकडे बघत बसली. मग म्हणाली, "वकीलसाहेब, तमाशालाच गेला हुता ना? येवढंच ना? मग मला का न्हाई सांगितलं त्यानं?"